दोन डॉलर तुमचे, एक डॉलर आमचा

बाहेरून अनुदान येतं, काम उभं राहतं. मग अनुदान संपतं आणि कामही थांबतं. हे आपण सगळ्यांनी कुठे ना कुठे पाहिलं आहे. आज ऐकू या अमेरिकेतल्या मिशिगन राज्याची हकिगत. तिथे अनुदान आलं, ते गावोगावचा निधी उभा करायला.

या निधीची कल्पना निघाली शेजारच्या ओहायो राज्यात. क्लीव्हलँड शहरात फ्रेडरिक गॉफ हे एका बँकेचे प्रमुख होते. श्रीमंत माणसं मृत्युपत्रात लिहून ठेवत, ‘माझा पैसा अमुकच कामाला वापरा.’ काळ बदले, ते काम उरत नसे, पण पैसा तिथेच अडकून पडे. गॉफ यांनी १९१४ साली तोडगा काढला. सगळ्यांच्या देणग्या एका निधीत जमा करायच्या. मुद्दल राखायचं आणि उत्पन्न शहराच्या आजच्या गरजेला लावायचं. गरज कोणती, हे नागरिकांची समिती ठरवणार. असा निधी म्हणजे कम्युनिटी फाउंडेशन.

मोठ्या शहरांत असे निधी वाढले. मिशिगनमध्ये ८३ काउंट्या, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यांसारखे भाग आहेत. त्यांतल्या लहान, ग्रामीण भागांत मात्र निधी नव्हता.

याच राज्यातल्या बॅटल क्रीक गावी, कॉर्नफ्लेक्सच्या धंद्यात नाव कमावलेल्या डब्ल्यू. के. केलॉग यांनी १९३० साली मुलांच्या भल्यासाठी एक प्रतिष्ठान काढलं होतं. १९८० नंतरच्या दशकाच्या शेवटी या प्रतिष्ठानानं राज्यातल्या निधींना सांगितलं, ‘तुम्ही गावातून दोन डॉलर जमवा, आम्ही एक घालतो.’ म्हणजे नुसता हात पसरून भागणार नव्हतं. आधी शेजाऱ्याच्या दारी जायचं होतं.

दुसरी अट त्याहून वेगळी होती. केलॉगचा पैसा मुला-तरुणांच्या कायम निधीत जाणार, आणि त्यातून कोणाला किती द्यायचं हे तरुणांची समिती सुचवणार. बारा ते एकवीस वयाची मुलं आपल्या वयाच्या मुलांच्या अडचणी विचारू लागली, अर्ज वाचू लागली, वाद घालू लागली. देणं हे केवळ म्हाताऱ्या धनवंतांचं काम राहिलं नाही. जिथे स्वतंत्र संस्था चालवणं परवडत नव्हतं, तिथली गावं शेजारच्या मोठ्या निधीला जोडली गेली. हिशेब एकत्र ठेवला, पण आपल्या भागाचा पैसा आपल्याच भागासाठी राहिला. पुढच्या काही वर्षांत राज्याच्या कानाकोपऱ्यापर्यंत अशी सोय पोचली.

मैत्रिणींनो, पैसा केलॉगकडे आधीही होता. फरक पडला तो अटींमुळे. एका अटीनं देणारे हात वाढवले, दुसरीनं ठरवणारी माणसं वाढवली.

आपल्या गटाच्या पुढच्या बैठकीत या दोन प्रश्नांवर जरूर बोला. बाहेरून येणाऱ्या पैशाला आपण आपला कोणता पैसा जोडू शकतो? आणि तो कुठे खर्चायचा हे ठरवताना आपल्या गावातलं कोण अजून बैठकीबाहेर उभं आहे?