घाटांत धापा टाकणारी मोटार

बोरघाट हा मुंबई-पुणें मार्गावरील यंत्रांचें परीक्षास्थानच होय. इ. स. १८३० मध्यें तेथें गाडीरस्ता खुला झाला. १८६३ मध्यें आगगाडी घाट चढूं लागली. मोटारीनें ही परीक्षा कशी दिली, याचा इतिहास मात्र कोणी लिहून ठेवलेला आढळत नाहीं.

वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यांत फियाट ११०० ही गाडी तयार होत असे. हीच पुढें पद्मिनी झाली, व अनेक मध्यमवर्गीय कुटुंबांची पहिली मोटार ठरली. उन्हाळ्याच्या सुटींत मंडळी पुण्यास निघत. खोपोली मागें पडून चढ लागला कीं, इंजिन आचके देई, त्याचा जोर ओसरे आणि गाडी उभी राही. मग चालक बॉनेट उघडून इंजिनाच्या कुशींतील लहानशा पंपावर ओला फडका ठेवी. थोड्या वेळानें गाडी मुकाट्यानें चालूं लागे! तरुण वाचकांस हा तोडगा भोळेपणाचा वाटेल. परंतु त्यास शास्त्राचा आधार आहे.

पेट्रोल हें अनेक द्रवांचें मिश्रण असून त्यांतील हलके अंश थोड्याशा उष्णतेनेंही उकळूं लागतात. मागील टाकींतून पंप पेट्रोल ओढतो, त्या नळींतील दाब कमी असल्यामुळें उकळणें अधिकच सुलभ होतें. चढावर इंजिनास श्रम फार व वेग कमी, म्हणजे वारा थोडा. नळींत वाफ धरली कीं पंप वाफच दाबीत बसतो व कार्बोरेटर उपाशी राहतो. नुसतें थांबून तत्काळ गुण येत नसे. कारण पंखा थांबतांच इंजिनाची धग पंपापर्यंत पोंचे. म्हणून ओला फडका!

तथापि एकच मात्रा सर्व रोगांस लागू पडत नाहीं. गाळणी तुंबली असेल तर इंजिन थंड असतांनाही चढावर जोर कमी पडतो. प्रज्वलनाचें कॉइल तापून बिघडलें, तर तेंही थंड झाल्यावर पुनः चालूं लागतें, आणि मनुष्य सहज फसतो. अशा वेळीं जुने कारागीर आधीं कार्बोरेटरांत पेट्रोल आहे कीं नाहीं हें पाहत, मग ठिणगी पाहत. पेट्रोल असून ठिणगी नसेल, तर फडक्याचा उपयोग काय?

आजच्या बहुतेक पेट्रोल मोटारींत विजेचा पंप टाकींतच बुडालेला असतो; तो पेट्रोल दाबानें पुढें ढकलतो, त्यामुळें वाफ धरण्याचा प्रसंग क्वचितच येतो. पिंपरी व चाकण येथें मोठे मोटार-कारखाने उभे आहेत. नव्या गाडीचा दोष संगणकाच्या पडद्यावर उमटतो. प्रीमियरचाही एक कारखाना चिंचवडास होता. ऑक्टोबर २०२३ मध्यें मुंबईंतील शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली. यांत शोक करण्याजोगें कांहीं नाहीं. यंत्रें जुनीं व्हावयाचींच.

परंतु लक्षण पाहून कारण शोधावें, आणि कारण ठरण्यापूर्वीं उपाय करूं नये, ही शिस्त ज्या हातांनीं जोपासली, ते हातही आतां वृद्ध झाले आहेत. कारखान्यांच्या या पट्ट्यांत यंत्रें घडविण्याचें शिक्षण देणाऱ्यांनीं त्यांचा अनुभव वेळींच लिहून घ्यावा, असें आम्हांस वाटतें. गाडी जतन करणें हौसेचें काम आहे. ती विद्या जतन करणें हें कर्तव्य होय.