पगारात गेलेला पैसा

गावपातळीवरच्या संस्थेला अनुदान देताना पहिला प्रश्न ठरलेला असतो: शंभरातले पगार-प्रवासात किती गेले आणि ‘प्रत्यक्ष कामावर’ किती? पहिला आकडा जितका लहान तितकी संस्था चांगली, असं देणगीदार मानतात आणि एरवी विचारानं बोलणारी माणसंही मानतात. त्यामागची भीती खोटी नाही. नुसत्या कागदावर चालणाऱ्या संस्था मराठवाड्यानं पाहिल्या आहेत. पण ही कसोटी चोराला सोडते आणि राबणाऱ्याला धरते.

पैठण तालुक्यातलं पाचोड घ्या. डॉ. अशोक दयालचंद यांच्या इथल्या आरोग्य व्यवस्थापन संस्थेनं नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आसपासच्या गावांत अविवाहित किशोरींसाठी जीवनकौशल्यांचे वर्ग चालवले. अभ्यासक्रम वर्षभराचा, आठवड्यातले पाच दिवस संध्याकाळी एक तास. शिकवणारी बाई त्याच गावची, किमान सातवी शिकलेली. पूर्वी या गावांत निम्म्या मुलींची लग्नं सोळाच्या आतच होत. काही वर्षांत ते वय सतरावर गेलं. एकच वर्ष, असं कुणी म्हणेल. पण ऊसतोडीच्या घरात दसऱ्यानंतर कोयता बाहेर पडतो तेव्हा वयात आलेली पोर कुणाच्या भरवशावर मागं ठेवायची, हा घोर आईबापांना असतो आणि त्यावर लग्न उरकून टाकणं हाच तोडगा निघतो. त्या घरातून एक वर्ष सोडवून आणणं सोपं नव्हे.

आता अशा वर्गाचा खर्च मांडून बघा. शिकवणाऱ्या ताईचं मानधन, तिचं प्रशिक्षण, गावोगाव फिरून वर्ग तपासणारी पर्यवेक्षिका, तिचं जीपचं भाडं. फळा-खडूचे पैसे किरकोळ. यातला माणसांवरचा खर्च काढा; ‘प्रत्यक्ष काम’ म्हणून काय उरतं? आणि कागदावरच्या संस्थेत पगार अगदी कमी दिसतात, कारण तिथं कामाला कुणी नसतंच.

परदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२० साली दुरुस्ती झाली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आली. नियमांत दवाखान्यातल्या डॉक्टरांचे आणि शाळेतल्या शिक्षकांचे पगार त्यातून वगळले आहेत, हे कबूल केलं पाहिजे. मात्र हिशेब ठेवणं, अहवाल लिहिणं, गाडी चालवणं हे सगळं प्रशासकीयच. म्हणजे हिशेब चोख हवा आणि हिशेबनिसाचा पगार नको! मोठी संस्था एक हिशेबनीस दहा प्रकल्पांत वाटून घेते. चार गावांत काम करणाऱ्या संस्थेला तोच पगार एकटीला पेलावा लागतो. त्याच दुरुस्तीनं परदेशी निधी एका संस्थेनं दुसरीला देण्यावरही बंदी आली, त्यामुळे मोठ्या संस्थेच्या आधारानं काम करायची वाटही बुजली.

मी एका लहान संस्थेचे हिशेब काही वर्षं पाहिले. मार्चअखेर एका ताईचं व्हाउचर परत आलं. ‘मानधन, वर्ग २२ दिवस’, खाली तिची सावकाश काढलेली सही. सोबत देणगीदाराची सूचना: ही रक्कम ‘साहित्य’ या सदरात दाखवता येईल का? खरा लिहिलेला कागद खोटा करून मागितला जात होता, आणि तोही पारदर्शकतेच्या नावाखाली. आम्ही नाही म्हटलं. पुढचा हप्ता आला नाही.

‘तीन वर्षांत स्वतःच्या पायावर उभे राहा’ हा देणगीदारांचा दुसरा आग्रह. फी कुणाकडून घ्यायची, त्या पोरींकडून? आणि तीन वर्षं तरी पुरतात का? गडचिरोलीत बंग दांपत्याची ‘सर्च’ ही संस्था १९८६ ची. गावातल्याच आरोग्यदूत बायांच्या हातून नवजात बाळांचे मृत्यू हजारी ६२ वरून सुमारे २५ वर आले, ते नव्वदच्या दशकात. ती पद्धत ‘आशा’ कार्यकर्त्यांमार्फत देशभर न्यायचं सरकारनं ठरवलं २०११ साली. पंचवीस वर्षं! तीन वर्षांच्या करारात यातलं काय बसलं असतं?

पैसा नीट जातोय का, हे पाहायचा हक्क देणाऱ्याला आहेच. त्यानं न कळवता संध्याकाळी गावात यावं, वर्ग भरलाय का बघावं, आणि ताईला बाजूला घेऊन विचारावं, की गेल्या महिन्याचं मानधन हातात पडलं का.