वाटा माणशी की वांगडागणिक?

आज एका सर्व्हरच्या पोटात वीस-पंचवीस आभासी सर्व्हर सहज नांदतात, आणि प्रत्येक भाडेकरूला वाटते, हे यंत्र माझ्या एकट्याचे. प्रोसेसर मात्र मोजकेच. मग त्यांचा वेळ कुणाला किती द्यायचा? प्रश्न नवा वाटतो, पण तो साठ वर्षांहून जुना आहे. मला त्यात यंत्रापेक्षा न्यायाचाच भाग अधिक दिसतो.

१९५० च्या दशकात बहुतेकांना संगणकाशी थेट बोलायची सोयच नव्हती. छिद्रे पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा खिडकीत द्यायचा आणि उत्तर काही तासांनी, नाहीतर दुसऱ्या दिवशी न्यायला यायचे. एक स्वल्पविराम चुकला की पुन्हा पहिल्यापासून! यंत्राचा क्षण वाया जाऊ नये म्हणून माणसाचे दिवस वाया घालवणारी ही व्यवस्था. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत जॉन मॅकार्थी यांनी १ जानेवारी १९५९ च्या टिपणात उलटा विचार मांडला: यंत्राचा वेळ बारीक तुकड्यांत अनेकांना वाटून द्यावा, म्हणजे प्रत्येकाला ते आपल्यापुढेच बसले आहे असे वाटेल. नोव्हेंबर १९६१ मध्ये फर्नांडो कोर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे करून दाखवले. त्या प्रणालीचे नाव सीटीएसएस. पुढे आयबीएम ७०९४ या यंत्रावर ती एका वेळी सुमारे तीस जणांना सांभाळू लागली.

पण नुसती पाळी लावून भागत नव्हते. स्मृती इतकी तोकडी, की एकाचा कार्यक्रम बाहेर काढून ठेवल्याशिवाय दुसऱ्याचा आत घेता येत नसे, आणि या ने-आणीतच वेळ जाई. कोर्बातोंनी एकाऐवजी अनेक रांगा केल्या. छोटे काम वरच्या रांगेत. ठरल्या वेळात संपले नाही तर खालच्या रांगेत ढकलायचे. खालच्या रांगेची पाळी उशिरा येते, पण आली की दुप्पट वेळ मिळतो. म्हणजे एक ओळ टंकून उत्तराची वाट पाहणारा ताटकळत नाही, आणि रात्रभराचे गणित मांडून बसलेल्याचे कामही पुढे सरकते. पुढच्या कितीतरी प्रणालींनी ही युक्ती उचलली. माझ्या मते त्या यंत्रावरची सर्वांत सुंदर गोष्ट हीच. १९९० चे ट्युरिंग पारितोषिक कोर्बातोंना मिळाले.

त्याच शहरात, केंब्रिजमध्ये, आयबीएमच्या केंद्राने आणखी एक पाऊल टाकले. नुसता वेळ नव्हे, प्रत्येकाला एक अख्खे खोटे यंत्रच द्यायचे! १९६७ च्या सुरुवातीला वापरात आलेली त्यांची सीपी-४० ही प्रणाली एका संगणकावर अशी चौदा यंत्रे उभी करी. १९७२ साली आयबीएमने हा प्रकार व्हीएम/३७० या नावाने बाजारात आणला.

खरी गोम वेगळीच होती. युनिक्समध्ये पाळी मिळे ती चालू कामाला, माणसाला नव्हे. तेव्हा ज्याने दहा कामे एकदम सोडली त्याला दहा वाटे, आणि बिचाऱ्या एक काम करणाऱ्याला एकच. विद्यार्थ्यांना हे कळायला कितीसा वेळ लागणार! सिडनी विद्यापीठातील ज्युडी के आणि पियर्स लॉडर यांनी १९८८ च्या निबंधात यावर उपाय मांडला. वाटा माणसाचा धरायचा, त्याची कामे कितीही असोत. आणि नुकताच ज्याने भरपूर वेळ खाल्ला आहे त्याला काही काळ मागे बसवायचे. जुना उपभोग हळूहळू विसरला जातो.

आमच्या गोव्याच्या वाचकाला हा वाद परका वाटू नये. गावकरीच्या सभेत पूर्वी मत वांगडाला एक असे, वांगडात पुरुष चार असोत की चाळीस. जोण मात्र बऱ्याच गावांत माणशी. एकाच संस्थेत दोन मापे, आणि कुठे कोणते लावायचे यावर सगळे अवलंबून.

२००५ साली खुल्या झालेल्या ओपनव्हीझेडने मोजणी दोन पायऱ्यांत केली. आधी कोणत्या आभासी सर्व्हरची पाळी ते ठरवायचे, मग त्याच्या आतल्या कोणत्या कामाची. म्हणजे आधी वांगड, मग माणूस. मुख्य लिनक्समध्ये अशी गटवार वाटणी जानेवारी २००८ च्या आवृत्तीत आली. त्यात आयबीएमचे श्रीवत्स वड्डगिरी यांचे काम मोठे आहे.

या वाट्यांचे गणित समजून घ्यावे. समजा एकाकडे २००० वाटे आहेत, इतर दोघांकडे १०००-१०००. तिघेही भुकेले असतील तर पहिल्याला अर्धा वेळ, बाकीच्यांना पाव-पाव. त्या दोघांपैकी एक झोपला, तर पहिल्याला दोन-तृतीयांश आणि उरलेल्याला एक-तृतीयांश. कमाल मर्यादा ही निराळी गोष्ट: ती घातली की यंत्र रिकामे असले तरी त्यापुढे मिळत नाही. वाटा गर्दीतच कामाला येतो, मर्यादा कायम आड येते. ग्राहकाला विकताना हा फरक क्वचितच सांगितला जातो.

आणि वाटा हा आकडा सापेक्ष आहे. मालकाने त्याच यंत्रावर आणखी दहा बिऱ्हाडे आणली, तरी तुमचे १००० कागदावर १०००च राहतात. त्यांचे मोल तेवढे उतरते. नवे गावकरी वाढले की जोण उतरायची, तसेच. स्वतंत्र आभासी यंत्र असेल तर लिनक्सच्या 'टॉप' या आज्ञेत याची खूण दिसते. त्यातल्या 'एसटी' या आकड्याचे पूर्ण नाव 'स्टील', म्हणजे सरळ चोरीच! काम तयार होते, पण प्रोसेसर मिळाला नाही, असा तो वेळ. तुमच्यावर मर्यादा घातलेली असेल, तर तिच्यापायी अडलेला वेळही बहुधा त्यातच धरला जातो. भाड्याच्या माझ्या छोट्या यंत्रावर मी तो अधूनमधून पाहतो. पहाटे शून्य असतो, दुपारी चढतो, आणि शेजारी कोण आहेत हे मला कधीच दिसत नाही.