शेजारधर्म आणि चलननीति

२ जुलै १९९७ रोजीं थायलंडला आपलें नाणें बात हें स्थिर दराच्या बंधनांतून मोकळें करावें लागलें, आणि पाहतां पाहतां अरिष्टाचा वणवा इंडोनेशिया व दक्षिण कोरियापर्यंत पसरला. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या कठोर अटी सोसल्यावर या देशांस शेजारधर्म आठवला. मे २००० मध्यें चिआंग माई येथें आसिआनचे देश, चीन, जपान व दक्षिण कोरिया यांनीं अडचणींत परस्परांस परकी चलन पुरविण्याचें ठरविलें. मात्र आरंभीं रकमेचा नऊदशांश भाग नाणेनिधीच्या कार्यक्रमाशींच जखडलेला होता. शेजाऱ्याचा जमाखर्च तपासून त्यास खडसावणार कोण? २००८ सालीं पुन्हां संकट येतांच कोरियानें अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेकडून ३० अब्ज डॉलरांची सोय करून घेतली. पुढें २०१० मध्यें १२० अब्ज डॉलरांचा सामुदायिक करार अमलांत आला. तरीहि आम्हांस वाटतें, तिजोरीचा करार करणें सोपें. शेजाऱ्याच्या तोंडून कटु सत्य ऐकून घेणें कठीण.