‘ब्लास्ट’ : एका शब्दाची वाटचाल

१२ मार्च १९९३, उपवासकाळातील शुक्रवार. त्या दुपारी मुंबईत एकापाठोपाठ बारा स्फोट झाले, २५७ माणसे प्राणांस मुकली आणि ‘ब्लास्ट’ हा इंग्रजी शब्द आपल्या घराघरांत येऊन बसला. पुढे ‘ब्लास्टच्या दिवशी’ म्हटले की दिवस सांगावा लागत नसे. ११ जुलै २००६ रोजी पश्चिम रेल्वेच्या गाड्यांत स्फोट झाले, तेव्हापासून मात्र ‘कोणत्या?’ असे विचारावे लागू लागले.

या शब्दाचे मूळ दारूत नाही, वाऱ्यात आहे. प्राचीन इंग्रजीत त्याचा अर्थ वाऱ्याचा जोरदार झोत एवढाच होता. फुंकणे या अर्थाच्या जर्मन क्रियापदाशी त्याचे नाते आहे. १६११ साली राजा जेम्सच्या आश्रयाने निघालेले इंग्रजी बायबल पाहावे. (ते आपल्या ख्रिस्तसभेचे नव्हे, परंतु इंग्रजी भाषा त्याच्यावर पोसली हे मान्य केलेच पाहिजे.) परमेश्वराच्या ज्या श्वासाने समुद्राच्या पाण्याची रास झाली, त्या श्वासाला तेथे हाच शब्द आहे. यरीहोभोवती याजकांनी फुंकलेल्या रणशिंगांच्या दीर्घ नादालाही हाच. तट कोसळला, दारूचा कण तेथे नव्हता.

त्याच ग्रंथात फारोच्या स्वप्नातील सात खुरटी कणसे पूर्वेच्या वाऱ्याने ‘ब्लास्ट’ झालेली आहेत. तप्त वाऱ्याने होरपळणे हा मूळ हिब्रू शब्दाचा अर्थ. भातावरील करपा रोगाला इंग्रजीत आजही ‘ब्लास्ट’च म्हणतात. तो बुरशीने होतो हे आता आपण जाणतो. मात्र त्या बुरशीचे बीजाणू वाऱ्यावरूनच पसरतात, तेव्हा जुन्या लोकांनी वाऱ्याला दोष दिला तो अगदीच अनाठायी नव्हता.

दारूशी या शब्दाची गाठ पडली ती सतराव्या शतकात. तत्कालीन हंगेरीच्या राज्यातील शेम्निट्झ येथे १६२७ साली खाणीतील खडक फोडण्यासाठी दारू वापरण्यात आली. याच शतकात इंग्रजीतील झोताचा स्फोट झाला.

आपल्या ‘सुरुंग’ शब्दाची कथा याहून नवलाची आहे. तो ग्रीक ‘सिरिंक्स’वरून आला, असे भाषापंडित मानतात. सिरिंक्स म्हणजे वेळूची बासरी, पोकळ नळी. त्यावरून तटाखाली खणलेले भुयार. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तो भुयार याच अर्थाने येतो. पुढे त्या भुयारात दारू ठासू लागले आणि पोकळीचे नाव स्फोटाला मिळाले. एक शब्द वाऱ्याचा, दुसरा बासरीचा. दोघांच्याही मुळाशी फुंकरच आहे!

वसईकरांना सुरुंग पुस्तकातून शिकावा लागत नाही. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांच्या सैन्याने वसई किल्ल्याच्या सेंट सेबॅस्टियन बुरुजाखाली सुरुंग पेरले. काही उडाले, मराठे खिंडाराकडे धावले, आणि मागाहून एक उडाला तो त्यांच्याच पायांखाली. बुरूज ढासळला, पोर्तुगिजांनी शरणागती पत्करली. विजयाच्या व पराभवाच्या कथा आपण दोन्ही बाजूंनी ऐकतो. त्या उशिरा उडालेल्या सुरुंगाखाली गाडल्या गेलेल्यांसाठी कोणी प्रार्थना केली असेल काय, असा प्रश्न त्या पडक्या तटापाशी आम्हांस नेहमी पडतो.

मध्यंतरी धर्मग्रामातील एक माता मुलाच्या रक्ततपासणीचा कागद घेऊन आमच्याकडे आली. “फादर, याच्या रक्तात ब्लास्ट आहेत म्हणतात. म्हणजे रक्तात काय फुटलं?” आम्ही तिला बसविले. हा ‘ब्लास्ट’ वेगळा. तो ग्रीक ‘ब्लास्तोस’ म्हणजे अंकुर या शब्दावरून वैद्यकात आला. इंग्रजी वाऱ्याशी त्याचे काही नाते नाही. अस्थिमज्जेतील कोवळ्या, अपक्व पेशींना ते नाव आहे. त्या तेथेच वाढून पक्व व्हावयाच्या असतात; रक्तात उतरू लागल्या की डॉक्टर सावध होतात. आजार गंभीर असू शकतो, हे आम्ही तिच्यापासून लपविले नाही. ती बराच वेळ कागदाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “म्हणजे फुटलेलं काही नाही. कोंब आहेत.” आणि मुलाला घेऊन ती रुग्णालयाकडे निघाली.