सोनोग्राफीचा प्रोब कोणाच्या हातात?



पुण्यात, नाशकात किंवा कोल्हापुरात तुम्ही कधी सोनोग्राफीला गेला असाल तर आठवून बघा. टेबलाशी डॉक्टर स्वतः बसलेले असतात. पोटावर थंडगार जेल लावून प्रोब तेच फिरवतात आणि पाचदहा मिनिटांत "सगळं ठीक आहे" किंवा "मूतखडा आहे, पण छोटा आहे" असं तिथल्या तिथे सांगून मोकळे होतात. आता इथलं, अमेरिकेतलं आठवा. दार उघडून एक बाई किंवा बुवा आत येतात, तुमचं नाव आणि जन्मतारीख विचारतात, अर्धापाऊण तास शांतपणे प्रोब फिरवत चित्रं साठवतात आणि शेवटी म्हणतात, "रिपोर्ट तुमचे डॉक्टर सांगतील." आपली मंडळी घरी येऊन कुरकुरतात: एवढे पैसे घेतले आणि डॉक्टर आलेच नाहीत!

ते जे आले होते ते सोनोग्राफर. इथे हा स्वतंत्र व्यवसाय आहे. त्याचं शिक्षण वेगळं, परीक्षा वेगळी. एकच यंत्र दोन देशांत दोन वेगळ्या हातांत कसं गेलं, ते आज बघू या. तुमच्या घरात कोणी हे शिक्षण घ्यायचा विचार करत असेल, तर त्यांना हा इतिहास नक्की ऐकवा. इथला अभ्यासक्रम असा का आहे, ते त्यातून कळतं.

सुरुवात स्फटिकांपासून झाली. १८८० साली पॅरिसमध्ये पिएर आणि जाक क्युरी या भावांना दिसलं की क्वार्ट्‌झसारखा स्फटिक दाबला की त्यावर विद्युतभार तयार होतो. पुढे हेही सिद्ध झालं की उलट वीज दिली की स्फटिक थरथरतो. थरथरला की आवाज निघतो, आणि परत आलेला प्रतिध्वनी त्याच स्फटिकाला ऐकूही येतो. पहिल्या महायुद्धात पॉल लांजव्हँ यांनी याच गुणाचा उपयोग करून समुद्राखालच्या पाणबुड्या शोधायचं तंत्र उभं केलं. आजचा प्रोब म्हणजे त्याच यंत्राचा तळहातात मावणारा वंशज.

दुसऱ्या महायुद्धानंतर हे तंत्र माणसाच्या शरीराकडे वळलं. अमेरिकी नौदलाच्या वैद्यकीय संस्थेत जॉर्ज लुडविग यांनी पित्ताशयातले खडे आवाजाने सापडतात का ते पाहिलं, आणि शरीराच्या मऊ भागांतून आवाज किती वेगाने जातो ते मोजलं. सरासरी आली सेकंदाला सुमारे १५४० मीटर. आज सोनोग्राफीच्या कोणत्याही विद्यार्थ्याला हा आकडा पहिल्याच आठवड्यात पाठ होतो, कारण यंत्र प्रत्येक प्रतिध्वनीचं अंतर याच वेगावरून काढतं. चरबीतून आवाज जरा हळू जातो, पण यंत्राला ते कळत नाही, त्यामुळे चित्रातली वस्तू असते त्यापेक्षा थोडी खोल दिसते. हे ओळखायचं काम माणसाचं.

डेन्व्हरमध्ये डग्लस हाउरी यांनी १९५० च्या दशकात एक मोठं यंत्र बांधलं. त्याचा फिरता भाग बी-२९ बॉम्बफेकी विमानाच्या तोफेच्या बैठकीतून घेतला होता. रुग्णाला पाण्याच्या टाकीत बसवायचं आणि प्रोब त्याच्याभोवती फिरवायचा. चित्रं चांगली यायची, पण आजारी माणसाला टाकीत कसं उतरवणार?

मोठं वळण ग्लासगोमध्ये आलं. तिथले स्त्रीरोगतज्ज्ञ इयन डोनल्ड यांनी ऐकलं होतं की कारखान्यांत धातूतल्या भेगा आवाजाने शोधतात. जुलै १९५५ मध्ये ते शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी मोटारीच्या डिकीत घालून बॅबकॉक अँड विलकॉक्स या बॉयलर कंपनीत गेले. तुलनेसाठी कंपनीने मांसाचा मोठा तुकडा आणून ठेवला होता. पाण्याने भरलेली गाठ आणि भरीव गाठ यांचे प्रतिध्वनी वेगळे आले. पुढे टॉम ब्राउन या तरुण इंजिनिअरबरोबर त्यांनी थेट कातडीवर ठेवायचं यंत्र तयार केलं. पोटात न काढता येणारा कॅन्सर आहे असं सांगितलेल्या एका बाईच्या पोटात या यंत्राने अंडाशयाची मोठी, पाण्याने भरलेली गाठ दाखवली. गाठ काढली आणि बाई वाचली. ७ जून १९५८ च्या 'लॅन्सेट'मध्ये डोनल्ड, जॉन मॅकव्हिकर आणि ब्राउन यांचा लेख आला आणि सोनोग्राफी डॉक्टरांच्या जगात शिरली.

आता श्रोतेहो, इथे एक गोष्ट लक्षात घ्या. एक्स-रेमध्ये रुग्णाला नीट उभं करून बटण दाबलं की सगळं चित्र एकदम येतं. सोनोग्राफीत तसं नसतं. त्या काळच्या यंत्रांत प्रोब एका सांधेदार दांड्याला जोडलेला असे. हात जसा सरकेल तशी पडद्यावर एकेक रेघ उमटे. हात थांबला, घसरला किंवा कोन चुकला की चित्र बिघडलं. म्हणजे चित्र यंत्रापेक्षा हातच काढत होता. असा हात तयार व्हायला रोज, तासन्‌तास सराव लागतो, आणि डॉक्टरांकडे तेवढा वेळ नव्हता.

मग अमेरिकेत १९६० च्या दशकात हे काम हळूहळू इतरांकडे आलं. कोणी एक्स-रे विभागातले होते, कोणी नर्स, कोणी प्रयोगशाळेतले. इंडियानात हृदयाच्या सोनोग्राफीचे, म्हणजे आपण ज्याला 'टू-डी एको' म्हणतो त्याचे, एक प्रवर्तक हार्वी फायगेनबाउम यांनी डॉक्टर नसलेल्या माणसांना हे काम शिकवलं. युरोपातल्या कित्येक देशांत ते काम डॉक्टरांनीच हातात ठेवलं.

या नव्या माणसांना शाळा नव्हती, पाठ्यपुस्तक नव्हतं, पदाला नावही नव्हतं. एकाने दुसऱ्याला शेजारी उभं करून शिकवायचं, एवढीच पद्धत. चांगलं कोण आणि कामचलाऊ कोण, हे रुग्णाला कळायला मार्ग नव्हता. तेव्हा त्यांनी स्वतःच पुढाकार घेतला. १९७० साली जोन बेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपली संघटना स्थापन केली. तेव्हा ते स्वतःला 'अल्ट्रासाउंड टेक्निकल स्पेशालिस्ट' म्हणवत. सोनोग्राफर हे नाव पुढे रुळलं. १९७३ मध्ये या कामाला स्वतंत्र वैद्यकीय व्यवसाय म्हणून मान्यता मिळाली. १९७५ मध्ये एआरडीएमएस ही नोंदणी संस्था निघाली आणि परीक्षा सुरू झाल्या. मग १९७९ मध्ये अभ्यासक्रम कसा असावा याचे निकष ठरले. म्हणजे आधी काम आलं, मग संघटना, मग परीक्षा आणि सर्वांत शेवटी शाळांचे नियम.

आजच्या शिक्षणात हा सगळा इतिहास दिसतो. कम्युनिटी कॉलेजचा अभ्यासक्रम साधारण २ वर्षांचा असतो. विद्यापीठात ४ वर्षांची पदवी घेता येते. आधीपासून वैद्यकीय क्षेत्रात असलेल्यांसाठी वर्षदीड वर्षाचे अभ्यासक्रमही आहेत. त्याआधी शरीररचना, गणित आणि भौतिकशास्त्र झालेलं असावं लागतं. मान्यताप्राप्त अभ्यासक्रमात वर्गात बसण्याइतकंच महत्त्व हॉस्पिटलमधल्या प्रत्यक्ष कामाला असतं, आणि त्या कामाचे बहुतेक ठिकाणी पैसे मिळत नाहीत. नंतर परीक्षा दोन. एक भौतिकशास्त्र आणि यंत्र यांवर, दुसरी निवडलेल्या विषयावर: पोट, स्त्रीरोग व प्रसूती, रक्तवाहिन्या किंवा हृदय. दोन्ही ५ वर्षांच्या आत पास झाल्या की नावापुढे नोंदणीची अक्षरं लावता येतात. गंमत म्हणजे बहुतेक राज्यांत सरकारी परवाना लागतच नाही. ओरेगन, न्यू मेक्सिको अशी मोजकीच राज्यं तो मागतात. पण नोंदणीशिवाय चांगल्या ठिकाणी सहसा कोणी उभं करत नाही.

मग महाराष्ट्रात असं का झालं नाही? तिथे यंत्र पहिल्यापासून डॉक्टरांच्याच हातात होतं. पण नंतर जे घडलं त्याने ही गोष्ट कायद्यात पक्की झाली. आधी गर्भजल परीक्षेचा आणि पुढे सोनोग्राफीचा वापर मुलगी आहे का हे बघण्यासाठी होऊ लागला. मुंबईतल्या स्त्री-संघटना आणि कार्यकर्ते १९८० च्या दशकात याविरुद्ध उभे राहिले, आणि १९८८ मध्ये गर्भलिंग निदानाविरुद्ध कायदा करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य ठरलं. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये झाला, १९९६ पासून लागू झाला आणि २००३ मध्ये आणखी कडक झाला. तरी आकडे बघा. महाराष्ट्रात ० ते ६ वयाच्या १००० मुलग्यांमागे मुली १९९१ मध्ये ९४६ होत्या, २००१ मध्ये ९१३ झाल्या आणि २०११ मध्ये ८९४.

म्हणून तिथे प्रत्येक यंत्राची नोंद असते, प्रत्येक गरोदर बाईच्या तपासणीचा 'एफ फॉर्म' भरावा लागतो, भिंतीवर गर्भलिंग सांगितलं जात नाही अशी पाटी असते, आणि प्रोब धरायला पात्रता असलेला डॉक्टरच लागतो. जिथे तपासणाऱ्याच्या एका शब्दाने किंवा खुणेने जीव जाऊ शकतो, तिथे समाजाने तो हात कायद्याने बांधला. इथे त्याच हाताला प्रशिक्षण देऊन मोकळं केलं, पण निदान सांगण्याचा अधिकार डॉक्टरकडे ठेवला. इंग्लंडमध्ये आणखी तिसरी तऱ्हा आहे: तिथले सोनोग्राफर बऱ्याचदा रिपोर्टही स्वतः लिहितात.

आपल्यापैकी जे या शिक्षणाकडे बघत आहेत, त्यांच्यासाठी यात तीन गोष्टी आहेत.

पहिली, तिकडची पदवी वाया जात नाही. पण ती जशीच्या तशी चालतही नाही. बी.एस्सी., बी.ए.एम.एस., बी.एच.एम.एस., एम.बी.बी.एस., काहीही असो. पदवीचं मूल्यांकन करून घ्या, आणि परीक्षेला बसायच्या कोणत्या मार्गात आपण बसतो ते आधी नोंदणी संस्थेकडून लेखी विचारून घ्या. एच-४ व्हिसावर शिकता येतं, पण नोकरीला कामाचा परवाना लागतो. फी भरण्याआधी हे बघा.

दुसरी गोष्ट खांद्याची. प्रोब दाबून धरत, हात लांब करून दिवसभर काम केल्याने सर्वेक्षणांत दहापैकी आठांहून अधिक सोनोग्राफर वेदनेची तक्रार करतात. ज्या जोन बेकर यांनी संघटना उभी केली, त्यांनी पुढची कित्येक वर्षं याच दुखण्यावर काम केलं. टेबल किती उंच असावं, खुर्ची कुठे असावी, हे पहिल्या दिवसापासून शिका.

तिसरी सगळ्यांत अवघड, आणि ती कोणत्याही पुस्तकापेक्षा टेबलाशीच कळते. पडद्यावर बाळाचं हृदय चालताना दिसत नाही. आई तुमच्याकडे बघते आहे, कदाचित मराठीतच विचारते आहे, "ताई, बरं आहे ना सगळं?" तुम्हाला दिसलेलं असतं, आणि सांगायचं नसतं. चेहरा स्थिर ठेवायचा, हवी ती सगळी चित्रं नीट घ्यायची आणि लगेच डॉक्टरांना बोलवायचं. यात कोरडेपणा नाही. चित्र अर्धवट राहिलं तर डॉक्टरांचं निदानही अर्धवट राहील, आणि त्या आईला खरं उत्तर मिळायला आणखी उशीर होईल.

तेव्हा श्रोतेहो, पुढच्या वेळी तुमच्या सोनोग्राफीला कोणी शांतपणे अर्धा तास प्रोब फिरवत बसलं, तर डॉक्टर आले नाहीत म्हणून रागावू नका. डॉक्टर जे बघणार आहेत, ते त्या हाताने दाखवलं तेवढंच बघणार आहेत. श्वास रोखा म्हटलं की रोखा, कुशीवर वळा म्हटलं की वळा. आणि निघताना थँक्यू म्हणायला विसरू नका.

भेटू या पुढच्या भागात. तोवर तब्येतीला जपा. नमस्कार.