खाटेवरून अंगणात

हृदयविकाराचा झटका आलेल्या माणसाला दोन-चार दिवसांतच इस्पितळाच्या व्हरांड्यातून चालविले जाते, तेव्हा घरच्या मंडळींच्या पोटात गोळा येतो. 'हृदय दुखावलेले आहे, त्याला स्वस्थ पडू द्या' असे म्हणणारे वडीलधारे माणूस प्रत्येक घरात असते. त्याचे म्हणणे अडाणीपणाचे आहे असे आम्ही म्हणणार नाही. एके काळी ते वैद्यकशास्त्राचेच म्हणणे होते. शास्त्राने ते का बदलले, याची हकिगत आज आपणांपुढे मांडावयाची आहे.

प्रारंभ लंडनपासून करू. चालताना छातीत उठणाऱ्या कळेचे पहिले व्यवस्थित वर्णन विल्यम हेबर्डन या वैद्यांनी १७७२ साली प्रसिद्ध केले. त्यांच्या मृत्यूनंतर १८०२ साली निघालेल्या ग्रंथात एका रोग्याची लहानशी नोंद आहे. हा गृहस्थ रोज अर्धा तास लाकडे कापीत असे आणि तेवढ्याने तो जवळजवळ बरा झाला. या नोंदीकडे पुढे दीर्घकाळ कोणी फारसे लक्ष दिले नाही.

लक्ष न देण्यास कारणही तसेच घडले. १९१२ साली शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनी दाखवून दिले की, हृदयाच्या रोहिणीत रक्ताची गाठ अडकली तरी माणूस तत्काळ मरतोच असे नाही. तो जगू शकतो. अशा रोग्यास त्यांनी काही दिवस पूर्ण विश्रांती सांगितली. पुढे १९३९ साली बोस्टन येथे मॅलरी, व्हाइट व साल्सेडो-साल्गार यांनी मृतांची हृदये तपासली व मेलेल्या स्नायूच्या जागी घट्ट व्रण तयार होण्यास सुमारे सहा आठवडे लागतात असे ठरविले. मग हिशेब सरळच झाला: व्रण सुकेपर्यंत हालचाल नको! सहा-सहा, आठ-आठ आठवडे रोगी उताणा पडून राही. घास भरवावयास परिचारिका, कूस बदलावयास परिचारिका. हृदय फाटेल ही भीती खरी होती. परंतु खाटेवर पडल्यापडल्या बाकीच्या शरीराचे काय होते, हा प्रश्न क्वचितच कोणी विचारीत असे.

तो प्रश्न १९४४ साली विल्यम डॉक यांनी विचारला. पायांतील शिरांत गाठी होतात, त्या फुप्फुसात जाऊन माणूस दगावतो, स्नायू वितळतात, मन खचते. खाटेचे हे सारे दुष्परिणाम त्यांनी एकापुढे एक मांडले. पुढे बोस्टनमध्ये सॅम्युएल लेव्हाइन व त्यांचे तरुण सहकारी बर्नार्ड लाउन यांनी रोग्यांना पहिल्या एक-दोन दिवसांतच आरामखुर्चीत बसविण्यास आरंभ केला. लेव्हाइन यांचे अनुमान असे की, पाय खाली सोडले म्हणजे थोडे रक्त पायांत उतरते आणि हृदयाचा भार हलका होतो. अशा ८१ रोग्यांची हकिगत त्यांनी १९५२ साली छापली. खुर्चीमुळे अपाय झाल्याचे त्यांना आढळले नाही. खाट ते खुर्ची हे अंतर अवघे दोन हात, पण ते तोडण्यास चाळीस वर्षे लागली!

त्याच सुमारास लंडनमध्ये जेरी मॉरिस हे दुमजली बसगाड्यांवरील नोकरांची मोजदाद करीत होते. चालक दिवसभर बसून असतो. वाहक दिवसातून शेकडो पायऱ्या चढतो-उतरतो. गाडी एक, वेळ एक, पगाराचा वर्गही जवळपास एक. पण हृदयविकार चालकांत अधिक व वाहकांत कमी, असे १९५३ साली प्रसिद्ध झाले. मॉरिस हे सावध गृहस्थ. चालकांचे गणवेश नोकरीच्या प्रारंभापासूनच कमरेला मोठे असत, हे त्यांनी स्वतःच १९५६ साली पुढे मांडले. म्हणजे सगळेच श्रेय जिन्याला देता येत नव्हते. परंतु जिना चढणे हृदयाला पोषक असावे, हा विचार त्यानंतर मागे हटला नाही.

सामान्य माणसाच्या मनावरची भीती मात्र एका असामान्य रोग्यामुळे ओसरली. २४ सप्टेंबर १९५५ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना झटका आला. त्यांच्या उपचारासाठी बोलावलेले पॉल डडली व्हाइट हे १९३९ च्या त्या व्रण-संशोधनातलेच व्हाइट. त्यांनी मात्र अध्यक्षांना टप्प्याटप्प्याने उठविले, चालविले आणि कामाकडे परत पाठविले. आयझेनहॉवर १९५६ ची निवडणूक जिंकले. नोव्हेंबर १९५७ मध्ये त्यांना सौम्य पक्षाघात होऊन बोलण्यात अडथळा आला. तरी महिन्याच्या आत ते पॅरिसच्या परिषदेस गेले, अध्यक्षपदाची मुदत पुरी केली आणि १९६९ पर्यंत जगले. हृदयाचा व मेंदूचा असे दोन्ही घाव एकाच माणसाने पचविलेले जगाने पाहिले.

येथे आपण मज्जातंतूंकडे वळू, कारण हे दोन्ही घाव जोडणारा धागा तेथे आहे. हृदयाला दोन सारथी आहेत: एक चाबूक मारणारा, दुसरा लगाम ओढणारा. लगाम म्हणजे मेंदूतून निघून हृदयापर्यंत उतरणारा व्हेगस नावाचा मज्जातंतू. तो उत्तेजित केला की हृदयाची गती मंदावते, हे वेबर बंधूंनी १८४५ सालीच दाखविले होते. झटक्यानंतर हा लगाम ढिला पडतो. निरोगी माणसाची नाडी श्वासागणिक किंचित कमीजास्त होते. लगाम सुटलेल्याची नाडी घड्याळाप्रमाणे एकसारखी पडते. १९८७ साली क्लायगर यांनी झटका येऊन गेलेल्या ८०८ रोग्यांच्या नाडीची चोवीस तासांची नोंद तपासली. ज्यांच्या नाडीत हा चढउतार फारच थोडा होता, त्यांना मृत्यूचा धोका सुमारे पाचपट आढळला.

हा लगाम पुन्हा घट्ट करता येतो काय? येतो, आणि त्याचा एक उपाय म्हणजे दमसासाचा व्यायाम. भरभर चालणे, सायकल, पोहणे यांसारख्या ज्या व्यायामाने श्वास वाढतो पण तुटत नाही, तो. इटलीतील ला रोव्हेरे व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली दाखविले की, झटक्यानंतर व्यायाम करून ज्यांचा लगाम सुधारला, त्यांच्यात पुढील दहा वर्षांत मृत्यू फार थोडे झाले. याउलट खाट काय करते? १९६६ साली अमेरिकेतील डॅलस येथे पाच धडधाकट तरुणांना तीन आठवडे खाटेवर निजविले, तेव्हा त्यांची दमसासाची शक्ती चौथाईहून अधिक घटली. तीस वर्षांनी तेच पाच जण पुन्हा तपासले. तीस वर्षांच्या वयोमानाने केले नव्हते एवढे नुकसान त्या तीन आठवड्यांनी केले होते!

पक्षाघाताची कथा याहून कठीण. थोर मज्जाशास्त्रज्ञ रामोन इ काहाल यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी प्रौढ मेंदूतील वाटा कायमच्या ठरलेल्या असतात असे म्हटले होते, आणि पुष्कळांनी तो अखेरचा निवाडा मानला. १९५९ साली न्यूयॉर्कचे प्राध्यापक पेद्रो बाक-इ-रीता यांचे अर्धे अंग लुळे पडले, वाचा गेली. त्यांच्या मुलाने त्यांना लहान मुलासारखे प्रथम रांगावयास लावले, मग भिंतीच्या आधाराने चालविले, भांडी घासावयास दिली. वर्षभरात ते पुन्हा शिकवू लागले. काही वर्षांनी कोलंबियातील डोंगर चढत असता हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. शवविच्छेदनात दिसले की, मेंदूतील मूळ इजा भरून आलीच नव्हती. शाबूत उरलेल्या भागांनी काम उचलले होते. २००८ साली बाल्टिमोरच्या संशोधकांनी पक्षाघाताच्या रोग्यांना सहा महिने सरकत्या पट्ट्यावर चालविले. त्यांची चाल सुधारली, आणि चित्रणात मेंदूचे खोल भाग अधिक जागे झालेले दिसले.

परंतु एका टोकाचा अतिरेक सोडून दुसऱ्या टोकाचा धरू नये. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या प्रयोगात पक्षाघाताच्या २,१०४ रोग्यांचा समावेश होता. त्यांतील एका गटाला पहिल्या चोवीस तासांतच उठवून वारंवार व पुष्कळ वेळ हालचाल करावयास लावले. या गटाची गती नेहमीची शुश्रूषा मिळालेल्यांपेक्षा कमी चांगली निघाली. विश्रांती हे औषध आहे, चालणे हेही औषध आहे. आणि औषध म्हटले की वेळ आली आणि मात्रा आली.

म्हणून घरी परतलेल्या रोग्याच्या आप्तांना आमचे सांगणे एवढेच. डॉक्टरांना 'काय खाऊ द्यावे' हे जसे आपण विचारतो, तसेच 'किती चालू द्यावे, केव्हापासून, आणि कोणते लक्षण दिसताच थांबवावे' हेही विचारून लिहून घ्या. मग त्याच्या हातातली पिशवी काढून घेऊ नका. ठरलेल्या वेळी त्याच्याबरोबर निघा, त्याला बोलता येईल इतक्याच वेगाने चाला, आणि आज कोपऱ्यापर्यंत गेलात तर उद्या त्याच्या पुढच्या दिव्यापर्यंत जा.